शैलाताईंचा जिना

शैलाताई कर्णिक कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की उंबऱ्यावर थांबून दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरायच्या. आम्ही खारबाव गावाहून भिवंडीत त्या इमारतीत राहायला आलो, त्या दिवशी त्या वरच्या मजल्यावरून चौकशीला खाली आल्या आणि आमच्या दारात तशाच हात पसरून उभ्या राहिल्या. माझ्या बायकोला, संगीताला वाटलं, शहरातली शेजारीण किती प्रेमळ! तिने हातातला कुंचा टाकला आणि जाऊन सरळ मिठी मारली. ताई क्षणभर गोंधळल्या. मग संगीताच्या पाठीवर थोपटत, तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमचं दार माझ्या दारापेक्षा अरुंद आहे हो. गिलावा दोनदा झालेला दिसतोय."

हात पसरणं हे त्यांचं माप होतं. "पसरलेले हात म्हणजे आपली उंची, भोईर. याला वाव म्हणतात. टेप माणूस घरी विसरतो, हात विसरत नाही." वाव मला ठाऊक होती. माझे आजोबा खाडीचं पाणी वावेतच सांगायचे. पण दाराच्या चौकटीला, बँकेच्या काउंटरला आणि डॉक्टरांच्या तपासायच्या खोलीला वाव लावणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होतो. डॉक्टर म्हणे एकदा विचारते झाले, "खांदे दुखतात का?"

ताई एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायच्या. भिवंडीच्या आसपास भाताची खाचरं जाऊन जी गोडाऊनं उभी राहिली, त्यातली कितीतरी आधी त्यांच्या हातून कागदावर उतरली होती. त्याचं त्यांना कौतुक नव्हतं. "आयुष्यभर रिकामी खोकी काढली मी," त्या म्हणायच्या. "ट्रक सरळ येतो, सरळ जातो. त्याला ना चपला काढायच्या असतात, ना रुसून कोपऱ्यात बसायचं असतं." घर ही गोष्ट मात्र त्यांना फार गमतीची वाटायची. माणूस घर बांधतो इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. घर माणसाला काय काय करायला लावतं, याचा छडा त्यांना लावायचा होता.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. घरात त्या आणि त्यांचे वडील, अप्पा. अप्पा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, उंच, ताठ, आणि कोणाच्याही होला हो न मिळवणारे. सोसायटीच्या बैठकीत एखादा ठराव 'सर्वानुमते मंजूर' लिहायची वेळ आली की अप्पांचा हात विरोधात वर झालाच समजा. आमचे चेअरमन भगवान पाटील कपाळाला हात लावून म्हणायचे, "अप्पा, पाण्याची टाकी धुवायला पण तुमचा इरोध हाय का?" त्यावर अप्पा म्हणायचे, "टाकी धुण्याला नाही. सर्वानुमते या शब्दाला आहे."

हे अप्पा आम्ही राहायला आलो त्याच वर्षी गेले. आमचा जिना अरुंद. जिथे तो वळतो ती सपाट जागा, ताई तिला लँडिंग म्हणायच्या, इतकी चिंचोळी की आडवा माणूस तिथून वळवणं शक्यच नव्हतं. मग या इमारतीत इतरांचं जे होत आलं होतं तेच अप्पांचं झालं. तिरडी खाली आवारात बांधली, आणि अप्पांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, उपरण्याने बांधून जिन्यावरून उतरवलं. खुर्ची पुढून पाटीलशेठनी धरली होती, मागून आम्ही दोघं-तिघं. प्रत्येक पायरीला खुर्ची हिसका खाई आणि अप्पांची मान खाली-वर होई. वळणावर खुर्ची कठड्यात अडकली. पुढे-मागे करून सोडवेपर्यंत अप्पा सगळ्यांना हो, हो, हो म्हणत राहिले. ताई वरच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या रडत नव्हत्या, बघत होत्या.

तेरावं झाल्यावर एके दुपारी मी जिना चढत होतो तर ताई त्या वळणावर हात पसरून उभ्या. हात पुरते पसरत नव्हते. दोन्ही तळवे भिंतींना टेकून कोपरं वाकली होती. मला बघून त्यांनी हात तसेच ठेवले. "हात पसरले की मी आडवी केवढी ते कळतं, भोईर. मीच मावत नाही, अप्पा कुठून मावणार होते?" मग खाली बघत म्हणाल्या, "ज्या माणसाने जन्मात कोणाला उगाच होकार दिला नाही, त्याला शेवटी मान डोलवत उतरवलं आपण. जिना चढताना माणूस उभा चढतो. पण शेवटचा उतरेल तो आडवा उतरला पाहिजे. एवढं तरी घराने माणसासाठी करायला हवं."  

त्या निवृत्त व्हायच्या आधी त्यांच्या ऑफिसात एक नवी पद्धत आली होती. गोडाऊन बांधायच्या आधीच गिऱ्हाइकाला ते कॉम्प्युटरवर आतून फिरवून दाखवायचं. त्यासाठी जे सॉफ्टवेअर आणलं ते मुळात व्हिडिओ गेम बनवायचं इंजिन होतं. पोरं ज्या गेममध्ये बंदुका घेऊन धावतात, त्यातल्या भिंती, जिने, ऊन-सावली सगळं त्यात तयार होतं. ऑफिसातल्या पोरांबरोबर ताईही ते शिकल्या. निवृत्तीनंतर त्यांनी घरी मोठा कॉम्प्युटर घेतला आणि अप्पांच्या टेबलावर मांडला. तिसऱ्या मजल्यावरच्या मालतीबाईंनी इमारतभर बातमी केली की शैला या वयात दिवसभर गेम खेळते. ताईंनी ती खोडून काढायचे कष्ट घेतले नाहीत. "खेळतेच की," म्हणाल्या. "फक्त माझ्या गेममध्ये कोणी मरत नाही. लोक नुसते घरात येतात."

माझा तळमजल्यावर लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ आहे. एक दिवस ताई तिथे आल्या, सवयीने हात पसरले, आणि स्टुलावर बसत विचारलं, "लग्नाच्या हॉलमध्ये तुम्ही कॅमेरा घेऊन नेमके कुठे उभे राहता?" इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. लोक विचारतात, अल्बम कधी देणार. मी सांगितलं, दाराच्या समोर कधी नाही, दाराच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून; नवरीची आई पहिल्यांदा थबकते तिथून दोन पावलं मागे. ताईंचे डोळे चमकले. "ती कुठे थबकणार हे तुम्हाला आधीच कळतं?" म्हटलं, कळतं, आमच्या धंद्यात ते कळावंच लागतं. "मग उद्यापासून माझ्या घरात शूटिंगला या. घर अजून बांधलेलं नाही, पण तुम्ही या."

आणि मी जायला लागलो. कॉम्प्युटरमधल्या घरात कॅमेराही कॉम्प्युटरमधलाच. त्याला वजन नाही, त्याला भिंत आडवी येत नाही. ताईंनी आधी घेतलेले शॉट बघितले तर कॅमेरा छतातून शिरत होता, पलंगाखालून निघत होता, माणसाच्या पोटातून आरपार जात होता. मी म्हणालो, "ताई, याला आधी जमिनीवर आणू." तो माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर आणला, त्याला चालताना बसतो तसा जरासा हेलकावा दिला आणि दारात क्षणभर थांबायला लावलं. ताईंनी ते बघितलं आणि टाळीच वाजवली. "तुमचा कॅमेरा घरात पाहुण्यासारखा येतो हो. माझा भुतासारखा यायचा!"

त्या इंजिनात चालती-फिरती माणसं तयार मिळत. पण ती सगळी परदेशी, कोट-बूट घातलेली, आणि बुटांसकट थेट स्वयंपाकघरात घुसणारी. ताई अस्वस्थ झाल्या. "अरे मेल्यांनो, चपला तरी काढा!" असं स्क्रीनवर ओरडताना मी त्यांना ऐकलंय. शेवटी कंटाळून त्यांनी सगळ्यांना अनवाणीच करून टाकलं. कोट आणि खाली उघडे पाय अशी ती माणसं देवळात आलेल्या साहेबांसारखी दिसायची. शिवाय सुरुवातीला ती भिंतीतून निघून जायची, कारण तिथल्या भिंतीला 'कोणाला जाऊ देऊ नकोस' हे वेगळं सांगावं लागतं. ताईंना याचं भारी नवल वाटायचं. "बघा, इथे भिंतीलासुद्धा शिकवावं लागतं की बाई, तू भिंत आहेस."

मग प्रयोग सुरू झाले. तेच घर, तीच माणसं, फक्त एक गोष्ट बदलायची आणि चित्रण करायचं. एकदा खिडकी खाली घेतली. एकदा एकच पायरी बाकीच्यांपेक्षा उंच केली. एकदा असा बोळ केला की चालावं तसा तो लांबत जाई. फिल्म तयार झाली की ताई रविवारी शेजाऱ्यांना चहाला बोलवायच्या, पडद्यावर ती लावायच्या आणि स्वतः पडद्याकडे पाठ करून बसायच्या. पाटीलशेठ म्हणाले, "ताई, तुमी पन बगा की." ताई म्हणाल्या, "मी रोजच बघते. आज मी तुम्हाला बघणार आहे."

ठेंगण्या दाराचा प्रयोग मला कायमचा लक्षात राहिलाय. कॅमेरा एका बुटक्या दारातून आत जातो, एवढंच. आणि खुर्चीत बसलेल्या पाटीलशेठनी मान खाली घातली. संगीतानेही घातली. मी ते चित्रण स्वतः केलेलं, तरी माझीही मान वाकली. मालतीबाई आणि त्यांच्या सुना मात्र ताठ बसून होत्या. ताई आनंदाने जवळजवळ नाचल्याच. "ज्यांचं लहानपण गावच्या घरात गेलं त्यांच्याच माना वाकल्या! दार खोटं, उंबरा खोटा, आणि मान खरी! म्हणजे घर सुटतं, पण मानेतून सुटत नाही." लांबत्या बोळाच्या वेळी लोक आपोआप हळू आवाजात बोलायला लागले. उंच पायरीला संगीताने बसल्या जागी पाय उचलला आणि चहा सांडला. त्या डागाकडेही ताई कौतुकाने बघत होत्या.

फिल्मला आवाज हवा हे मी सुचवलं. शेजारच्या गल्लीत कापड विणणारे लूम. ताईंनी खिडकीत फोन धरून त्यांची खटखट रेकॉर्ड केली आणि त्या खोट्या घराखाली लावली. त्या क्षणी ते घर भिवंडीचं झालं. लूमवर ताईंचा तसाही जीव होता, कारण व्होल्टेज पडायला लागलं की लूमचा ठेका आधी रेंगाळतो. बोलता बोलता त्या एकदम हात वर करायच्या, "थांबा, लूम दमले, सेव्ह करते!" आणि खरोखरच मिनिटभरात लाईट जायची.

मग इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. बिल्डरने आणलेल्या फिल्ममध्ये कारंजं होतं, फुगे घेऊन धावणारी मुलं होती, आणि घरात एकही कपडा वाळत नव्हता. सगळे खूश झाले. ताईंनी फक्त जिन्याचा नकाशा मागून घेतला; वळण जुन्या जिन्याइतकंच चिंचोळं होतं. घरी येऊन तो जिना जसाच्या तसा इंजिनात बांधला आणि मला बोलावलं. काय करायचंय ते मला न सांगता कळलं होतं. चार माणसं, त्यांच्या खांद्यावर तिरडी आणि तिच्यावर आडवा माणूस. ती वरून निघाली आणि लँडिंगवर अडकली. त्या इंजिनात अडकलेली माणसं थांबत नाहीत. भिंतीला लागून जागच्या जागी थरथरत राहतात. ती चार माणसं तशी थरथरत होती आणि ताई ओठ घट्ट मिटून बघत होत्या.

चौघांची चालही चुकीची होती. ती ऑफिसला निघाल्यासारखी चालत होती. पण खरी अंत्ययात्रा कोण आणि कशी शूट करणार? ताईंनाच सुचलं. आम्ही नारपोलीला गेलो. तिथे लूमवर चढवायचा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला लांब जड रूळ, चार जण मिळून अरुंद गल्लीतून कारखान्यात नेत होते. मी कॅमेरा लावला. त्यातल्या एकाने विचारलं, "भाभीजी, ये किस चीज़ की शूटिंग है?" ताई म्हणाल्या, "जीना बनाना है." "तो जीने पे बीम चढ़ाओगी?" आणि चौघेही हसायला लागले. हसता हसता बीम कोपऱ्यावर आला तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. पुढचे दोघे जागीच पाय मारत राहिले, मागचे दोघे मोठा वळसा घेत फिरले. तीच चाल ताईंनी आपल्या चार माणसांना दिली. मग त्या भिंत थोडी थोडी मागे सारत गेल्या आणि प्रत्येक वेळी मी चित्रण केलं. माणसं अडकत होती, थरथरत होती. एका वेळी ती न थांबता वळली आणि खाली उतरली. भिंत सगळी मिळून वीतभर मागे गेली होती. ताईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

"एवढंच, भोईर? एवढ्यासाठी अप्पा हो हो म्हणत गेले?"

सोसायटीच्या बैठकीत त्यांना हीच फिल्म दाखवायची होती. मी म्हणालो, "ताई, तिरडी नको. लोक बिथरतील." त्या म्हणाल्या, "का? नव्या इमारतीत कोणी मरणार नाही असं बिल्डरने लिहून दिलंय का?" त्या अप्पांच्या लेक होत्या, ऐकणार थोड्याच! बैठकीत पडद्यावर पांढऱ्या कपड्यातला आडवा माणूस आला मात्र, मालतीबाई उठून उभ्या राहिल्या. "नव्या घराच्या बोलण्यात हे काय अभद्र! वास्तुशांतीच्या आधीच आमची उत्तरक्रिया करताय का?" गलका झाला. बिल्डरचा तरुण इंजिनियर नम्रपणे म्हणाला की जिना नियमाप्रमाणेच आहे, शिवाय लिफ्ट आहे. "नियम उभ्या माणसाचा आहे," ताई म्हणाल्या. "आणि लिफ्टही उभ्या माणसाचीच आहे." पण त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. शेवटी पाटीलशेठ खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, बंद करा आता." ताईंनी बंद केलं. नकाशावर सह्या व्हायला आता एकच बैठक उरली होती.

त्यानंतर बरेच दिवस त्यांनी कॉम्प्युटर लावला नाही. मला वाटलं, संपलं. मग एका सकाळी त्या स्टुडिओत आल्या. "लोकांना खरं चालत नाही असं नाही, भोईर. ते जरा बरे कपडे घालून यावं लागतं. मला सांगा, पाटलांचा पलंग तुम्ही बघितलाय ना?"

पाटीलशेठचा पलंग न बघितलेला माणूस आमच्या गल्लीत नव्हता. त्यांच्या लग्नात सासऱ्यांनी दिलेला, सागवानी, उशाला दोन मोर कोरलेले. आमच्या जिन्यावरून तो वर जाईना म्हणून दोर लावून गॅलरीतून चढवला होता. मधेच मालतीबाईंच्या वाळत घातलेल्या साड्या मोरांच्या चोचीत अडकल्या आणि पलंग साड्यांसकट वर गेला, ही कथा नव्या भाडेकरूलाही पहिल्या आठवड्यात ऐकवली जायची. ताईंनी तो पलंग मोरांसकट इंजिनात बनवला. चार माणसं तीच. जिना तोच. खांद्यावर फक्त तिरडीच्या जागी पलंग.

शेवटच्या बैठकीत फिल्म लागली आणि पहिल्याच क्षणी हशा पिकला. "अरे, हा तर शेठचा पलंग! मोर पण हायत!" मालतीबाई पदराने डोळे पुसत हसत होत्या. बिल्डरच्या जिन्यात पलंग अडकला, माणसं थरथरायला लागली तसे लोक आणखी हसले. मग वीतभर रुंद केलेला जिना आला, आणि पलंग झोकात वळून खाली गेला. टाळ्या पडल्या. आणि मी गार पडलो. कारण त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की ताईंनी खांद्यावरचं ओझं बदललं, पण माणसांची दिशा बदलायची राहिली. पलंग उतरत होता. नव्या घरी राहायला जाणारे लोक आपला पलंग खाली कशाला नेतील? मी ताईंकडे बघितलं. त्यांच्याही ते आत्ताच ध्यानात आलं असावं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

पाटीलशेठ हसत नव्हते. "परत लावा," ते म्हणाले. परत लावली. ते खुर्चीत पुढे सरकून, गुडघ्यांवर हात ठेवून शेवटपर्यंत बघत राहिले. मग इंजिनियरला म्हणाले, "जिना असाच पायजे." इंजिनियर म्हणाला, वीतभर जागा प्रत्येक मजल्यावर कोणाच्या तरी हॉलमधून जाईल, लोक तयार होतील का? "माझे हॉलमधून पयली घ्या. माझा पलंग हाय ना. बाकीच्यांना मी सांगतो. जिना असा नसल तर माझी सही न्हाय." पाटीलशेठची सही नाही म्हणजे कोणाचीच नाही. ठराव मंजूर झाला, सर्वानुमते. ताई तो शब्द ऐकून पहिल्यांदाच हसल्या.

इमारत उभी राहीपर्यंत ताई नारपोलीत भाड्याने राहिल्या, आम्ही खारबावला परतलो. नव्या इमारतीत राहायला आलो त्या दिवशी लिफ्ट सोडून त्या जिन्याने निघाल्या आणि मला बरोबर घेतलं. लँडिंगवर थांबल्या. हात पसरले, पुरते पसरले. बोटांची टोकं भिंतींना लागली नाहीत. "लागत नाही हो!" त्या लहान मुलीसारख्या म्हणाल्या. मग गंमत वाटून इकडेतिकडे बघू लागल्या. "भोईर, मी इथे पहिल्यांदा आलेय असं मला वाटतच नाहीये. घर बांधायच्या आधीच मला या घराची सवय झाली. हा पण एक प्रयोगच झाला म्हणायचा." पुढेही त्यांचे प्रयोग चालू राहिले. शेवटचा होता खिडक्या नसलेल्या घराचा. त्यात लोक कुठे बघतात ते त्यांना हवं होतं. लोक एकमेकांकडे बघतात, असा निकाल निघाला आणि त्यावर त्या आठवडाभर खूश होत्या.

ताई गेल्या वर्षी गेल्या. सकाळी चहा घेतला, कॉम्प्युटर लावला आणि खुर्चीतच गेल्या. पुण्याहून त्यांचा भाचा येईपर्यंत इमारतीतले सगळे जमले होते. कोणीतरी सवयीने म्हणालं, "खालून एक खुर्ची आणा रे." पाटीलशेठ दाराशी बसले होते. गुडघ्यांना पट्टे बांधलेले, उठताना भिंतीचा आधार लागतो. ते उठले. "खुर्ची न्हाय," ते म्हणाले. "बांबू वर आना. हितंच दारात बांधू."

तिरडी वर बांधली. पुढून एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पाटीलशेठ. मी म्हणालो, शेठ, तुमचे गुडघे, दुसऱ्या कोणाला देऊ. त्यांनी नुसती मान हलवली. नाही. आम्ही पहिल्या पायऱ्या उतरून लँडिंगवर आलो. पुढचे आम्ही दोघं जागीच पाय मारत उभे राहिलो, मागचे दोघं वळसा घेत फिरू लागले. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. बाकीच्यांनी ते पडद्यावर बघितलं होतं, मी तर किती वेळा चित्रित केलं होतं. त्या थांब्यात पाटीलशेठ माझ्याकडे न बघता हळूच बोलले.

"भोईर, नवे घरात पलंग वर नेतात. खाली कोन उतरवतो? मना तवाच समजला व्हता."

 मागचे अजून फिरत होते.

"अप्पांचे खुर्चीला पुडून हात माझा व्हता," ते म्हणाले. "मान माझेच समोर हलत व्हती."

मागचे दोघे रेषेत आले. आम्ही खाली पाऊल टाकलं. कोणाचं कोपर भिंतीला लागलं नाही, आणि ताईंची मान शेवटच्या पायरीपर्यंत जराही हलली नाही.